मागे पडलेल्या तिथी

नरसी नामदेव आणि आसपासच्या सात-आठ गावांत कुणाच्या घरी माणूस गेलं, की पहिला फोन सोयऱ्यांना आणि दुसरा बंडोपंतांना जायचा. क्रियाकर्मासाठी नव्हे, बंडोपंतांच्या गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता आणि त्या कामाला आता हिंगोलीहून एक तरुण भटजी मोटारसायकलवर यायचा. फोन जायचा तो नोंदीसाठी. गेलेल्या माणसाची तिथी बंडोपंतांकडे लिहून ठेवायची, वर्ष भरत आलं की त्यांना विचारायची, ते सांगतील त्या दिवशी वर्षश्राद्ध घालायचं आणि पुढे दर पितृपक्षात त्याच तिथीला पान वाढायचं, ही या भागातली तीन पिढ्यांची रीत. बंडोपंतांच्या आजोबांनी हे मोडीत लिहिलं, वडिलांनी बाळबोधीत. बंडोपंत एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वह्या कापडात बांधून ठेवल्या आणि कॉम्प्युटर मांडला.

शेतकरी मंडळी त्यांना देवा म्हणायची. इकडे जोशाला देवा म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. पण रोज दहा तोंडांनी देवा म्हटलेलं ऐकलं की मानेत थोडा ताठा येतो, आणि शहात्तराव्या वर्षापर्यंत तो बंडोपंतांच्या मानेत चांगलाच मुरला होता.

कॉम्प्युटर सोळा वर्षांचा. मुलानं, अनिरुद्धनं, कॉलेजात असताना घेतलेला आणि पुण्याला नोकरी लागल्यावर मागे ठेवलेला. जाण्याआधी त्यानं वडिलांना एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. नाव टाईप करायचं, गाव टाईप करायचं, एंटर दाबायचं. तारीख तो स्वतःच मशीनच्या घड्याळातून उचलायचा आणि आत यादीत लिहून टाकायचा. वडिलांनी तारीख टाईप करताना आकडे उलटेसुलटे करू नयेत म्हणून केलेली ती सोय. दर गुढीपाडव्याला बंडोपंत नवं पंचांग मांडीवर घेऊन बसायचे आणि कोणत्या तारखेला कोणती तिथी, असं सबंध वर्ष आठ दिवसांत टाईप करून काढायचे. त्यात त्यांची एकही चूक कधी निघाली नाही. कुणी विचारायला आलं की यादी उघडायची, नाव शोधायचं, समोर तिथी हजर.

इंटरनेट त्यांनी कधी घेतलं नाही. विजेची मात्र भारी धास्ती. काम झालं की कॉम्प्युटर बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, मग पिनच काढून बाजूला. पाहुणेरावळे हसायचे. मशीन सोळा वर्षं टिकलंय ते उगाच नाही, असं बंडोपंतांचं त्यावर उत्तर ठरलेलं.

दिवाळी झाल्यापासून अनिरुद्धनं फोनवर टुमणं लावलं होतं. बाबा, त्या जुन्या विंडोजचे अपडेट आता बंद होणार, असतील नसतील ते घालून घ्या, एकदा नेट जोडा, म्हणजे यादीची एक प्रत माझ्याकडे राहील. उद्या डिस्क गेली तर तीन पिढ्यांचं काम मातीत जाईल. बंडोपंत हूं हूं करायचे. मग मार्गशीर्षात एका सकाळी मशीननं तीनदा टूं टूं केलं आणि पडदा काळाच राहिला. तेव्हा त्यांनी मशीनचा मुख्य डबा एका जुन्या धोतरात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीनं हिंगोली गाठली.

स्टँडच्या मागच्या गल्लीत प्रेमसिंगचं दुकान. प्रेमसिंग तांड्यावरचा, दहावी नापास, पण हात असा, की शहरातले कॉम्प्युटरवाले अडलं की त्याच्याकडे पाठवायचे. त्यानं डबा उघडला, फुंकणीनं धूळ उडवली, कोपऱ्यात वाळून कोळ झालेली एक पाल चिमट्यानं काढून बाहेर टाकली. मग मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात शाळकरी खोडरबरानं घासले, परत बसवली, आणि बटण दाबताच पडदा उजळला. बंडोपंतांना बरं वाटलं. त्यांनी अपडेटचंही सांगितलं, आणि आपण रोज पिन काढून ठेवतो तेही. प्रेमसिंग म्हणाला, नवी विंडोज याला पेलणार नाही, आहे तिचेच शेवटचे अपडेट टाकून देतो.

ते काही होईना. आकडा पस्तीस टक्क्यांपर्यंत चढायचा, मशीन बंद होऊन चालू व्हायचं आणि केलेले बदल मागे घेतोय असं लिहून यायचं. दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला प्रेमसिंगनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट लावलं. तिथं एक जानेवारी दोन हजार नऊ अशी तारीख होती. अक्षरं मुंगीएवढी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बंडोपंतांनी त्या कोपऱ्याकडे वर्षानुवर्षं पाहिलेलंच नव्हतं. प्रेमसिंगनं तारीख सरळ केली, मशीन बंद केलं, पिन काढली, परत लावली. पुन्हा दोन हजार नऊ. मग त्यानं बोर्डावरून एक चपटा, रुपयाएवढा सेल नखानं उचकटून काढला आणि बंडोपंतांच्या हातावर ठेवला.

"हा मेलाय, काका. लाईट नसली की घड्याळ यावर चालतं. तारीख चुकीची असली की अपडेटवाले आत घेत नाहीत. बस्स, एवढंच होतं."

बंडोपंत तो सेल उलटासुलटा करून पाहत होते. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, हा कधी मेला असेल?

"आत्ता मेला. पण हे एकदम नाही मरत. आधी दोन-दोन साल घड्याळ मागं पडत राहतं. पिन काढली की झोपतं, लावली की झोपेतून उठल्यासारखं पुढं चालतं. तुम्ही तर रोज पिन काढता म्हणता." प्रेमसिंग नवा सेल शोधायला खणात हात घालत म्हणाला, "घरच्या मशीनला काय फरक पडतो? दोन दिवस इकडं, दोन दिवस तिकडं."

बंडोपंतांनी हातातला सेल टेबलावर ठेवला. त्यांनी प्रेमसिंगला यादी उघडायला सांगितली. शेवटचं नाव जळबाचं. जळबा दत्तजयंतीच्या दिवशी गेला होता. फोन आला तेव्हा बंडोपंतांच्या हातात सुंठवडा होता, त्यात शंकेला जागाच नव्हती. दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा. यादीत जळबासमोर द्वादशी लिहिलेली होती. तीन दिवस मागे.

त्यांनी प्रेमसिंगला विचारलं, कोणत्या दिवशी घड्याळ किती मागे होतं, हे मशीनमधून काढता येईल का? प्रेमसिंगला या प्रश्नाची गंमत वाटली. झोपलेल्या माणसाला विचारून उपयोग आहे का, तू किती झोपलास म्हणून? त्याची नोंद कुठं राहत नाही. असं म्हणून त्यानं नवा सेल टचकन बसवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रिंटरकडे वळला. त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

बंडोपंत स्टुलावर बसून यादी वर सरकवत राहिले. दोन वर्षांत त्रेचाळीस नावं. यातली किती खरी आणि किती खोटी, देव जाणे. या यादीवरून किती घरांत पानं वाढली गेली, किती जणांनी भलत्याच दिवशी डोई भादरली. आणि मग संतरामचं नाव आलं. वैशाख वद्य द्वितीया. तिथं त्यांचं बोट थांबलं ते पुढे सरकेना.

संतराम कयाधूच्या पलीकडच्या वस्तीवरचा. दीड वर्षांपूर्वी वैशाखात दुपारी शेतातच छातीत कळ येऊन गेला. त्याचं वर्ष भरत आलं, तेव्हा गेल्या चैत्रात त्याची बायको पार्वतीबाई आणि मुलगा विश्वंभर तिथी विचारायला आले होते. ओसरीवर आणखी चार माणसं बसलेली. बंडोपंतांनी द्वितीया सांगितली, तशी पार्वतीबाई अडखळत म्हणाली होती की देवा, त्या दिशी चवथ व्हती, मी संकष्टीला उपाशी व्हते.

त्यावर बंडोपंतांनी काय करावं? त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला होता. तिला अक्षर वाचता येत नाही हे ठाऊक असताना फिरवला होता. आणि चार माणसांच्या देखत म्हणाले होते, "हे बघा, काय लिहिलंय. दुःखात दिवस ध्यानात राहत नाहीत, बाई. माणूस चुकतं, हे चुकत नाही." ओसरीवरचं कुणीतरी हसलं होतं. विश्वंभर आईला म्हणाला होता, देवाला शिकवती का? पार्वतीबाईनं पदर पुढे ओढला होता.

हे सगळं त्यांना आत्ता, प्रेमसिंगच्या स्टुलावर, एकेका शब्दानिशी आठवलं. द्वितीयेत दोन दिवस मिळवले की चतुर्थीच येते. त्यासाठी पंचांग लागत नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीनं ते परत आले. मांडीवरच्या डब्यात सगळे अपडेट बसले होते आणि घड्याळ सेकंदाला बरोबर होतं. घरी येऊन त्यांनी हातपाय न धुताच अनिरुद्धला फोन लावला. अनिरुद्धनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अरे हो, दिवाळीत यायचो तेव्हा घड्याळ मागे दिसायचं खरं. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही मी सरळ करून दिलं होतं, यंदा यायला जमलं नाही. बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काय आहे असं वाटलं. म्हणजे दिवाळीला घड्याळ बरोबर व्हायचं आणि पुढे महिनोन् महिने घसरत जायचं. कोणत्या नावाला किती दिवस मिळवायचे, याचा हिशेब आता ब्रह्मदेवालाही जमला नसता.

बंडोपंतांना मुलावर चिडावंसं वाटलं, पण चिडायला तोंड कुठं होतं? अनिरुद्धनं तोडगाही काढला. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद असते, प्रत्येकाची तारीख तिथून उतरवून आणा आणि यादी दुरुस्त करून टाका. कुणाला काही सांगायची गरज नाही. "झालेल्या श्राद्धांचं काय करणार, बाबा? ती माणसं समाधानानं जेवली, उठली, विसरली. आता सांगून त्यांना उगाच कशाला घोर लावायचा?"

बोलणं वाईट नव्हतं. बंडोपंतांना ते पटावं अशी फार इच्छा होती. सांगितलं तर काय होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आठ गावांत आठ दिवसांत बभ्रा होईल. चहाच्या टपरीवर लोक म्हणतील, देवाच्या तिथ्या सेलवर चालत होत्या. पुढच्या वर्षी मयताचा दुसरा फोन येणार नाही. आजोबा, वडील आणि आपण मिळून जे जमवलं, ते आपल्याच हातून संपेल, आणि संपलं हे बघायला आपण जिवंत असू. या विचारानं ते खरोखर घाबरले. म्हातारपणी माणसाला मरणाची भीती वाटते म्हणतात. बंडोपंतांना त्या घटकेला कुणी न विचारण्याची भीती त्याहून मोठी वाटली.

सुधाताई, त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याच्या कामात कधी पडल्या नव्हत्या. फोन ठेवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी मी चहा घेऊन आले होते बाहेर. पार्वतीबाईचं तोंड मी पाहिलंय."

आणि त्या पानं घ्यायला आत निघून गेल्या. बंडोपंत जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दीड वर्षांपूर्वीचं पंचांग शोधून पिशवीत घातलं, काठी घेतली, एका ओळखीच्या ऑटोवाल्याला सांगून नदीपलीकडे गेले. वाटेत त्यांनी बोलायची सगळी जुळवाजुळव केली. आधी सेलचं सांगायचं. मग म्हणायचं की चुकून आधी झालेल्या श्राद्धाला शास्त्रात उपाय आहे; येत्या वैशाखात चतुर्थीला पुन्हा विधी करू, भटजीचं मी बघतो, तुम्हाला तोशीस लागू देणार नाही. संतरामच्या आत्म्याला काही उणं पडलं असेल तर ते भरून निघेल. एवढं बोललं की आपण मोकळे, असं त्यांना वाटत होतं. गुडघे दुखत होते, पण पाऊल नेटानं पडत होतं.

पार्वतीबाई ओट्यावर बसलेली होती. नुसतीच बसलेली. हे बंडोपंतांना खटकलं, कारण ही बाई नुसती बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. संतरामच्या हयातीत घर, गोठा, बाजारहाट, सालगड्यांची भाकर, सगळं तिच्या बोटावर चालायचं. त्यांना पाहून ती उठायला लागली. त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि समोरच्या बाजेवर टेकले. सून मिना पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. विश्वंभर हळदीला पाणी द्यायला गेला होता.

बंडोपंतांनी सांगायला सुरुवात केली. सेल, घड्याळ, पिन. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की हिला यातलं काही कळत नाहीय आणि कळण्याची गरजही नाही. ते थांबले. मग म्हणाले की पार्वतीबाई, संतराम गेला त्या दिवशी चतुर्थी होती. द्वितीया मी चुकीची सांगितली.

पार्वतीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आनंद नाही, राग नाही. ऐकलेलं खरं मानावं की नाही, असा काहीसा चेहरा. मग बंडोपंतांनी शास्त्रातला उपाय सांगायला घेतला, तेव्हा तिनं हात हलवून त्यांना थांबवलं.

"त्या माणसाचं काई न्हाई, देवा," ती म्हणाली. "दोन दिस आधी जेवला काय अन् मागून काय. माझ्या हातचं म्हणून जेवला आसंल."

मग तिनं अंगणाकडे तोंड केलं. बोलायला लागली ती खालच्या आवाजात, आत सुनेला ऐकू जाऊ नये असं.

"त्या दिशी चुलीवर भगर व्हती. म्या माझ्या हातानं टाकली व्हती. त्यायला शेतातून आणलं तवा ती तशीच चुलीवर, करपून गेलेली. तिचा वास मला अजून येऊन राहिला. पण तुमी म्हणलात बीज व्हती. मंग उपास कशाचा? उपास नव्हता तर भगर कुठून आली? म्हंजी मला जे आठवतंय ते झालंच न्हाई. अन् हे झालं न्हाई, तर बाकीचं तरी झालं का, मला काय म्हाईत? त्या दिसापासून मी माझ्या डोस्क्यावर भरवसाच ठेवला न्हाई, देवा."

तिनं पुढचं एकेक करून सांगितलं. ओसरीवरून परत येताना विश्वंभर गप्प होता. आठ दिवसांनी ती दुधाचं भांडं गोठ्यात विसरली. कुणीही विसरतं, पण विश्वंभर मिनाकडे पाहून मान हलवून बसला. मग बाजारात एकटं जायचं बंद झालं. कपाटाच्या किल्ल्या मिनाकडे गेल्या. तिनं मागितल्या नव्हत्या, पार्वतीबाईनंच काढून दिल्या, आपल्या हातून काही हरवलं तर म्हणून. संकष्टी सोडली, कारण आपण धरतो ती चवथच असते याचा काय भरवसा. मृगात विश्वंभर तिला हिंगोलीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, आज कोणता वार? तिला माहीत होतं. गुरुवार. पण माहीत असलेलं खरं असतंच असं नाही, हे तिला आता कळलेलं होतं. म्हणून घाबरून ती भलताच वार बोलली. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. तेव्हापासून रोज रात्री एक गोळी. गोळीनं दिवसभर झापड येते आणि खरंच काही आठवत नाही.

बंडोपंत बाजेवर बसून ऐकत होते. हातातली काठी त्यांनी घट्ट धरली होती. काल दुपारपासून त्यांना मेलेल्यांची काळजी लागली होती. त्रेचाळीस मेलेली माणसं, त्यांची पानं, त्यांच्या तिथ्या. आणि इथं एक जिवंत बाई त्यांनी आठ महिन्यांपूर्वी चार माणसांत खाली बसवली होती, ती अजून उठली नव्हती. त्यांना रडू आलं. ते त्यांनी आवरलं नाही. पार्वतीबाईनं पाहिलं, पण ती त्यांची समजूत काढायला गेली नाही.

थोड्या वेळानं तिनं आत हाक मारून मिनाला विश्वंभरला बोलवायला सांगितलं. मिना परत येऊन आत गेली, आणि मागोमाग विश्वंभर आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. बाजेवर देव बसलेले पाहून तो पाया पडायला वाकला. बंडोपंतांनी पाय मागे घेतले. त्यांनी त्याला वडिलांचा मृत्यूचा दाखला आणायला सांगितला. तो बँकेच्या कागदांच्या पिशवीत होता; वारसाच्या कामाला एकदा काढला, नंतर कुणी पाहिलेला नव्हता. पाहायचं कारणच काय? देवाची तिथी दाखल्याशी ताडून पाहावी, असं त्या आठ गावांत कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

बंडोपंतांनी दाखल्यावरची तारीख मोठ्यानं वाचली. पंचांग उघडलं, तेच पान काढलं आणि विश्वंभरचं चिखलाचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. वैशाख वद्य चतुर्थी. शेजारी संकष्टी असं छापलेलं, चंद्रोदयाच्या वेळेसकट. विश्वंभरनं ते दोनदा वाचलं. मग तो आईकडे न पाहता म्हणाला, म्हंजी काय झालं, देवा?

बंडोपंत सांगू लागले की मशीनमध्ये एक सेल असतो, तो मेला की घड्याळ मागे पडतं, आणि आपण रोज पिन काढून ठेवत असल्यामुळे...

"मशीनचं नका सांगू," पार्वतीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तो आता खालचाही नव्हता. "मशीननं मला काई म्हणलं न्हाई. तुमी म्हणलात. ते सांगा."

बंडोपंत काठीवर भार देऊन उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते शेतकऱ्याच्या दारात बसून बोलले होते आणि समोरचा उभा राहून ऐकायचा. आज ते उभे होते आणि ती बसली होती. हजारो तिथ्या ज्या तोंडानं बिनचूक सांगितल्या, त्या तोंडाला हे एक वाक्य फार जड गेलं.

"त्या दिवशी संकष्टी होती," ते शेवटी म्हणाले. "पार्वतीबाईंना बरोबर आठवत होतं. मी चार माणसांत त्यांना खोटं पाडलं. त्या चुकल्या नव्हत्या, मी चुकलो."

विश्वंभर तसाच उभा राहिला. त्याची नजर दारातून आत, देवळीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेली आणि तिथंच राहिली. तो खाली ओट्याच्या पायरीवर आईच्या पायाशी बसला आणि दोन्ही चिखलाचे हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिला. पार्वतीबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. अजून नाही. ती बंडोपंतांकडेच पाहत होती.

"परत म्हणा, देवा," ती म्हणाली. "मिना आत हाय. तिला आयकू गेलं नसंल."

बंडोपंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं, दाराकडे तोंड केलं आणि ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्यानं म्हणाले.